पाहुण्यांची बरणी

चंदनाने बरणीवर रेघ मारली ती मंगळवारी दुपारी, घरात कुणी नसताना. खोक्यांवर गावांची नावं टाकायचा काळा मार्कर तिने कारखान्यातून आणला. बरणी टेबलावर ठेवली, आतला भडंग हलवून सपाट केला आणि डोळे त्याच्या पातळीला आणून रेघ ओढली. वाईच्या कॉलेजात मोजपात्र असंच वाचायला शिकवलं होतं. रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन ती सांगलीला लग्न होऊन आली, त्याला आता वीस वर्षं झाली होती. मोजपात्र त्यानंतर हातात आलं नव्हतं.

बरणी पाच लिटरची, पारदर्शक, हिरव्या झाकणाची. स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर ती कायम असे. आल्यागेल्यासमोर भडंग ठेवायचा म्हणून घरात तिला पाहुण्यांची बरणी म्हणत. पाहुणे मात्र महिन्याकाठी चार-पाच येत.

वखारभागातल्या या घराच्या मागेच कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, पिशव्या भरणाऱ्या चार बायका आणि भाऊसो नावाचा भट्टीवाला. बिनलसणाचा जैन भडंग ही या घराची ओळख. दिवसाला आठ घाणे निघत. मीठ, तिखट, पिठीसाखर सगळं भाऊसो हाताच्या अंदाजाने टाकी, आणि घरातल्या कुणीतरी चव घेऊन मान हलवल्याशिवाय घाणा पिशवीत जात नसे. पूर्वी ही मान राजमतीची होती, चंदनाच्या सासूची. सोळा वर्षांपूर्वी एक दिवस राजमती म्हणाली, "माझी जीभ गेली गं. आता तू बघ," आणि तेव्हापासून घराची जीभ चंदना झाली.

एका घाण्याला एक मूठ. गरम असताना एक, निवल्यावर एक. मीठ मागून लागतं, म्हणून मग अजून एक. संध्याकाळी घरात आल्यावर जीभ तिखटाने हुळहुळलेली असे आणि हात आपोआप हिरव्या झाकणाकडे जाई.

आता अडचण अशी, की या घरात दिवस मावळल्यावर कुणी खात नसे. चंदनाच्या लग्नाच्या वर्षीच चातुर्मासात महाराजांसमोर सगळ्या घराने मिळून नियम घेतला होता. हिवाळ्यात शेवटचे दोन घाणे अंधार पडल्यावर उतरत. तेव्हा राजमतीने तोडगा काढून दिला होता: "चव घ्यायची आन् थुकायचं. चव म्हंजे खानं न्हवं." पहिलं वर्षभर चंदना थुकली. नंतर कधी थांबली ते तिलाही सांगता आलं नसतं.

वजन एकशे एकवीस किलो. साखरेची तीन महिन्यांची सरासरी साडेदहा. डाव्या पायाच्या अंगठ्याला गेल्या दिवाळीपासून स्पर्श कळेनासा झाला होता. वाईला तिच्या आईचा पाय असाच आधी अंगठ्यापासून गेला, मग घोट्यापासून, मग गुडघ्याखालून. आणि मग आई गेली. चंदना रोज अंघोळीनंतर अंगठ्याला टाचणीचं टोक लावून बघायची. काही कळत नसे.

मिरजेच्या सर्जननी ऑपरेशनचं सुचवलं. जठराचा मोठा भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवायची. पण निर्णय त्यांनी आहारतज्ज्ञ उत्कर्षावर सोडला. उत्कर्षा तिशीची, बारीक चणीची, बोलायला मृदू आणि ऐकायला फार कडक होती.

"जेवण जास्त असेल तर ऑपरेशनने फरक पडतो," ती म्हणाली. "येताजाता तोंडात टाकायची सवय असेल, तर त्या लहान पोटातूनही ती वाट काढते. म्हणून आधी चौदा दिवस वही लिहायची. तोंडात गेलेला दाणान् दाणा. सवय सुटलेली नाही असं दिसलं तर मी सहा महिने थांबायला सांगेन."

सहा महिने. चंदनाने बुटात अंगठा हलवून पाहिला.

"रात्रीचं काही खाणं?" उत्कर्षाने विचारलं.

"आमच्यात न्हाई हो ते," शेजारी बसलेला जिनेंद्र हसून म्हणाला. चंदनाचा नवरा साधा, भला माणूस. "दिवस मावळला की चूल बंद. तेवढी तरी शिस्त हाय घराला."

उत्कर्षाने कागदावर एक फुली मारली आणि पुढे गेली. चंदनाने ती फुली पाहिली.

"आणि हा भडंग? किती होतो?"

"चिमूटभर. चवीपुरता."

"तुमच्या चिमटीला काही विचारू नका," उत्कर्षा म्हणाली. "घरातल्या डब्याला विचारा. डबा खोटं बोलत नाही."

म्हणून ती रेघ.

पहिल्या दिवशी चंदनाने ठरवून हात राखला. कारखान्यात प्रत्येक घाण्याला मोजून चार दाणे. संध्याकाळी सातला मात्र, राजमती देवापुढे जपाला बसलेली आणि मुलगी ब्राह्मी कानात इअरफोन घालून बारावीचा अभ्यास करत असताना, ती अंधाऱ्या स्वयंपाकघरात बरणीशी उभी राहिली. किती वेळ, ते तिने पाहिलं नाही. सकाळी भीतभीत बरणी उजेडात धरली. पातळी रेघेच्या खाली जेमतेम एक बोट.

तिने मनात गणित केलं. एक बोट म्हणजे फार तर एक वाटी, चाळीस-पन्नास ग्रॅम. तिला हलकं वाटलं. आपण उगीच स्वतःला राक्षसीण समजत होतो. वहीत तिने लिहिलं: भडंग, एक लहान वाटी, दुपारी चार. वाटी खरी होती. वेळ तेवढी बदलली.

मग बरणी पुन्हा रेघेपर्यंत भरली; रोज सकाळी पातळी पाहून असंच भरायचं, असं तिने ठरवलं. तिसऱ्या दिवशी अर्धं बोट. पाचव्या दिवशी पातळी रेघेवरच. त्या संध्याकाळी आपण बराच वेळ उभ्या होतो असं तिला वाटत होतं, पण बरणी तिच्यासमोर होती आणि बरणी खोटं बोलत नव्हती.

जिनेंद्रच्या ओळखीचे साताऱ्यात एक व्यापारी होते, मधुकर नावाचे. त्यांच्या बायकोने, पद्माने, तीन वर्षांपूर्वी पुण्यात हेच ऑपरेशन करून घेतलं होतं. पहिल्या वर्षीचा तिचा फोटो मधुकररावांनी सगळ्यांना पाठवला होता: अजिंक्यताऱ्याच्या पायऱ्यांवर उभी, सलवार-कमीझमध्ये, ओळखू न येणारी. "जाऊन बोलून ये एकदा," जिनेंद्र म्हणाला. "तुझी भीती मोडंल." जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून राजमतीने अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या तिच्या पर्समध्ये कोंबल्या. सांगलीचं माणूस भडंगाशिवाय कुणाच्या दारात जात नाही.

दहाची एस.टी. साताऱ्याला साडेबाराला पोचली. पद्माचं घर शाहूपुरीत, पहिल्या मजल्यावर. दार उघडलं त्या बाईला चंदनाने ओळखलं नाही, कारण ती फोटोतली बारीक बाईही नव्हती आणि आधीची जाडही. गालाची कातडी सैल लोंबत होती आणि पोट मात्र पुन्हा भरत आलं होतं. भांगातून टाळू दिसत होती.

"या हो, या. मधुकरराव दुकानात आहेत. म्हटलं बरं झालं, दोघी निवांत बोलू," पद्मा म्हणाली. पिशव्या हातात घेताना तिचे डोळे क्षणभर थांबले. "अगंबाई. तुमचाच का हा? जैन?"

"हो. तुम्हाला चालतो का? म्हणजे, ऑपरेशननंतर…"

"कोरडा नाही चालत. अडकतो." पद्माने चहा टाकला. दोन कप भरून आणले, स्वतःचा कप मोठा होता. बोलता बोलता तिने एक पिशवी दाताने फोडली, चमचाभर भडंग चहात टाकला, मऊ होऊ दिला आणि अलगद तोंडात सरकवला.

"पहिले सहा महिने सोन्यासारखे गेले बघा. अर्धी पोळी खाल्ली तरी पोट म्हणायचं, बास. छत्तीस किलो उतरले. हे तर माझा हात धरून रस्त्याने चालायला लागले." दुसरा चमचा. "मग एक दिवस कळलं, पोळी जात नाही, पण बिस्किट दुधात बुडवलं की जातं. आइस्क्रीम जातं. शेव आमटीत भिजवली की जाते. थोडंथोडंच, पण दिवसभर." तिसरा, चौथा. "सकाळपासून झोपेपर्यंत. पोटाला कळतच नाही हो. ते भरतच नाही कधी, म्हणून बास म्हणतच नाही."

चंदना मोजत होती. तिला मोजायचं नव्हतं, तरी सात, आठ, नऊ.

"बावीस किलो परत आले. पोळी-भाजी जात नाही, जीवनसत्त्वांच्या गोळ्या मी घेत नाही, त्याने हातापायाला मुंग्या येतात त्या वेगळ्याच. ऑपरेशनचा दोष नाही त्यात. माझ्याबरोबरच्या एक बाई आहेत फलटणच्या, ठणठणीत आहेत. पण त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं. त्यांना आधी वर्षभर त्या सवयीच्या मागे लावलं, मग कापलं." पद्माने चमचा चाटला. "मलाही विचारलं होतं. फॉर्म होता सात पानी. मी लिहिलं, येताजाता खात नाही. हे शेजारीच बसलेले. त्यांच्यासमोर काय लिहिणार?"

खाली फाटक वाजलं. पद्माचं बोलणं न थांबता तिचा हात हलला. पिशवीचं तोंड दोन बोटांत मुडपलं गेलं, पिशवी उशीमागे गेली, तळहाताने ओठ पुसले गेले. पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळात. फाटकाशी कुरिअरवाला होता, शेजारच्यांकडे आलेला.

तो हात चंदनाने ओळखला होता. गेली सोळा वर्षं तो तिच्याच मनगटाला जोडलेला होता.

निघताना पद्माने तिचा दंड धरला. "तुम्ही तरी खरं सांगा हो. जागा लहान होते. हात होता तेवढाच राहतो."

परतीच्या गाडीत, कराड सोडेपर्यंत, चंदनाने ठरवलं होतं की उत्कर्षाला फोन करायचा. कराडनंतर ऊन तिरपं झालं, गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे रेंगाळली आणि तिला बरणी आठवली. पद्माचं वेगळं आहे. पद्माने कधी मोजलं नव्हतं. आपल्याकडे पुरावा आहे. रेघ आहे.

घरी आल्यावर अंधार पडला होता. तिने पर्सही खाली ठेवली नाही, सरळ बरणी उघडली. आज मात्र ती डोळे उघडे ठेवून खात होती, मुठी मोजत होती. सात मुठी. शेवटी पातळी रेघेखाली चार बोटं उतरली होती, तिने हाताने चाचपून पाहिली.

सकाळी पातळी रेघेला टेकलेली होती.

सात मुठी खाल्ल्या नव्हत्याच की काय? स्वप्न पडलं? वाढलेल्या साखरेत डोकं असं फिरतं? जिभेवरचं तिखट तर अजून होतं. मग तिला कॉलेजातली एक साधी गोष्ट आठवली: मापावर शंका आली की माप तपासायचं. त्या संध्याकाळी तिने खाल्लं, भडंग सपाट केला आणि वर मधोमध एक लवंग ठेवली.

सकाळी लवंग नव्हती. तिने परातीत बरणी हळूहळू ओतली. लवंग निघाली चार बोटं खाली. तिच्यावर कुणीतरी ताजा भडंग ओतला होता.

म्हणजे सगळी वही खोटी होती. पहिल्या दिवसापासून. आणि घरात कुणालातरी सगळं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून तिला घर वेगळं दिसू लागलं. जिनेंद्र सकाळी "झोप लागली का?" म्हणाला तरी तिला वाटे, याला माहीत आहे. ब्राह्मी वहीतून मान वर करून बघे, तेव्हा ही असेल असं वाटे. राजमती तर नेहमीसारखीच पहाटे पाचला उठे, अंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला जाई, येई. कुणी काही बोलत नव्हतं. बरणी रोज भरलेली असे. चंदनाने एकदोनदा जागं राहायचा प्रयत्न केला. बिछान्यात पडून कान दिले. पण झोपेत तिचा श्वास अडकायचा, ती दमून जायची, आणि जाग येई तेव्हा बाहेर उजाडलेलं असे.

वही तिने उत्कर्षाला देऊन टाकली. खरं सांगायचं तर बरणी कोण भरतं हेही सांगायला हवं होतं, आणि ते तिला ठाऊक नव्हतं. निदान स्वतःला तिने तसं समजावलं. उत्कर्षाने पानं उलटली. "बरंच नियंत्रण आहे की तुमचं," ती म्हणाली आणि सही केली. सर्जननी पौषातला एक बुधवार दिला. त्याआधी पंधरा दिवस फक्त पातळ: ताक, डाळीचं पाणी, पावडरीचं दूध. यकृत आकसायला हवं, नाहीतर दुर्बिणीला वाट मिळत नाही. आणि आदल्या रात्री दहानंतर काही नाही.

"हे शेवटचं फार महत्त्वाचं," उत्कर्षाने जिनेंद्रकडे बघून सांगितलं. "पोटात अन्न असेल आणि भूल दिली, तर ते वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं."

"त्याची काळजीच नको," जिनेंद्र म्हणाला.

पंधरा दिवस चंदना दिवसभर ताक प्यायली. घाण्यांची चव तिने सोडली नाही, कारण कुणी सोड म्हटलं नाही. ऑपरेशन झालं की आपोआप सगळं सुटेल, असं ती मनाशी म्हणत राहिली. साताऱ्याच्या त्या घरातला चमचा कपावर वाजलेला मात्र तिला मध्येच ऐकू येई.

बुधवारी पहाटे पाचला तिला जाग आली. सातला मिरजेत पोचायचं होतं, अकराला ऑपरेशन. मोरीत पाण्याचा आवाज होता. राजमती अंघोळ करत होती. चंदना स्वयंपाकघरात गेली ती फक्त बघायला. तिला खरंच तसं वाटत होतं. हिरवं झाकण फिरवलं, आणि मग दोन मुठी तोंडात गेल्या. तिसरी अर्धी. चावतानाही ती स्वतःला सांगत होती की हे शेवटचं. मोरीचं दार वाजलं तशी तिने ओठ पुसले आणि ती अंघोळीला निघून गेली. रेघेखाली दोन बोटं, तिने पाहून ठेवलं होतं.

सहाला तिघं निघाले. चपला घालताना चंदनाला राहवलं नाही. पाण्याची बाटली विसरली म्हणून ती आत वळली. बरणी रेघेपर्यंत भरलेली होती.

जिनेंद्र तोवर बाहेर गाडी पुसत होता. ब्राह्मी अजून झोपलेली होती.

गाडीत राजमती मागच्या सीटवर चंदनाशेजारी बसली. जपमाळेवर तिची बोटं सरकत होती. विश्रामबाग मागे पडलं, मिरजेच्या रस्त्याला लागले, तरी माळ थांबली नाही.

हॉस्पिटलात चंदनाला हिरवा गाऊन दिला, मनगटावर पट्टी बांधली. सोनिया नावाची सिस्टर फॉर्म घेऊन आली. पलंगाच्या एका बाजूला जिनेंद्र, दुसऱ्या बाजूला राजमती.

"दात हलणारे? ॲलर्जी? दागिने काढले?" ती पटापटा खुणा करत होती. "रात्री दहानंतर काही खाल्लं-प्यालं?"

चंदनाने तोंड उघडलं. त्याआधी राजमती बोलली.

"आमच्यात दिवस मावळल्यावर पानी बी न्हाई, पोरी. वीस वर्सं झाली तिच्या नियमाला."

स्वर शांत होता, खणखणीत होता. जिनेंद्रची मान अभिमानाने हलली. सोनियाने कौतुकाने हसून पेन कागदाला टेकवलं.

चंदनाने सासूच्या हाताकडे पाहिलं. जपमाळ धरलेल्या उजव्या हाताच्या नखांत पिवळं-तांबडं तेल होतं. अंघोळीनंतरचं.

म्हणजे हिला आज सकाळचंही माहीत आहे. दोन मुठी आणि अर्धी. फुफ्फुसाचं हिने ऐकलंय. आणि तरी.

"आत्ती," चंदना म्हणाली. सासूला ती पहिल्या दिवसापासून आत्ती म्हणे. राजमतीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कळवळाही नव्हता. फक्त एक सूचना होती, जशी पंगतीत चुकीचं वाढणाऱ्या सुनेला देतात.

"सिस्टर, थांबा. मी खाल्लंय. पहाटे पाचला. भडंग. अडीच मुठी."

पेन थांबलं. जिनेंद्र हसला, आपण चुकीचं ऐकलं असं समजून. "आगं, काय बोलतीस? घाबरली हाय हो ती."

"रोज खाते मी. संध्याकाळी, अंधार पडल्यावर. वहीत लिहिलंय ते खोटं आहे."

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. भूलतज्ज्ञ आले, दोन प्रश्न विचारले, आणि "बरं झालं बोललात, नाहीतर तुम्हाला टेबलावर गमावून बसलो असतो" असं सपाट आवाजात सांगून निघून गेले. ऑपरेशन रद्द झालं. उत्कर्षा आली तेव्हा चंदनाला वाटलं, ती रागावेल. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने नवी वही दिली. "आता ही पहिली," ती म्हणाली. "सहा महिने तर सहा महिने. रात्रीच्या खाण्यावर उपाय आहेत. पण बरणी भरणारं कोण आहे, ते आधी बघा."

जिनेंद्र खिडकीबाहेर बघत उभा होता. "महाराजांसमोर घेतला व्हता नियम," एवढंच तो म्हणाला.

घरी आल्यावर चंदनाने राजमतीला स्वयंपाकघरात गाठलं. "आत्ती, का भरत होता?"

राजमती लसूण नसलेल्या आमटीला फोडणी देत होती. तिने मान वळवली नाही. "पातळी उतरल्याली जिनूला दिसली असती."

"आणि आज? मी मेले असते आज."

"मेली नसतीस. ह्यांच्या मातुश्री माझी बरणी भरायच्या. मी बी अंधारात खायची. कोन मेलं?" ती जरा थांबली. "माझं बी अंग तुझ्यागत सुटायला लागलं, तवा एक दिस म्हनलं, जीभ गेली. तुला दिलं काम. जीभ कुटं जाती गं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू उघडलीस चारचौघांत."

सोळा वर्षं. हुळहुळणारी जीभ, आपोआप जाणारा हात, सगळं चंदनाने स्वतःचं पाप म्हणून वाहिलं होतं. ते तिच्या हातात कुणीतरी ठेवलं होतं. आणि ज्या हाताने ठेवलं, त्याच हाताने रोज वर भर घातली होती.

मागच्या दारात भाऊसोची हाक आली. "वैनी, घाणा उतरतुया. चव!"

दिवस मावळायला आला होता. चंदना जागची हलली नाही. "आजपासून मी चव घेणार नाही," ती म्हणाली. "भाऊसोला सांगा."

राजमतीने फोडणीची पळी खाली ठेवली. ती दुखावल्यासारखी दिसली नाही. ती फक्त विचार करत होती, आणि तिचा विचार संपलेला चंदनाला दिसला.

"ब्राह्मी," राजमतीने मागच्या अंगणाकडे तोंड करून हाक मारली. "ये गं बाळ हिकडं. तुजी जीभ बघू कशी हाय."

चंदना धावली. एकशे एकवीस किलोचं अंग आणि बधिर अंगठा घेऊन जेवढं धावता येतं तेवढं. पण ब्राह्मी मागच्या अंगणातच पुस्तक घेऊन बसली होती, शेडच्या दाराशी. चंदना पोचली तेव्हा आजीची हाक ऐकून तिने घाण्यातली मूठ उचलली होती आणि गाल हलत होता.

"मीठ कमी आहे, भाऊसोमामा," ब्राह्मी म्हणाली. "आणि साखर थोडी जास्त."

भाऊसोने चाखून पाहिलं आणि तो थक्क झाला. "आयला. बरूबर हाय की. नातीनं नाव काडलं आज्जीचं!"

दारात राजमती येऊन उभी राहिली होती. सकाळपासून पहिल्यांदा ती हसली. ब्राह्मीने निवलेला घास पाहायला पुन्हा हात घातला, कारण मीठ मागून लागतं, हे कुणी न सांगताही तिला कळलं होतं.

चंदनाने तिचं मनगट धरलं. बोटं उघडून भडंग घमेल्यात परत टाकला. मग ती पिशव्या तोलायच्या टेबलाशी गेली, वजनकाटा उचलून भट्टीपाशी आणला आणि मिठाचा डबा त्याच्याशेजारी ठेवला.

"भाऊसो, आजपासून मीठ तोलून घालायचं. तिखटही, साखरही. प्रत्येक घाण्याला किती ते मी लिहून देते."

"आवं वैनी, काट्याला काय चव कळती व्हय?"

"नाही कळत," चंदना म्हणाली.

तिने उत्कर्षाची नवी वही उघडली. पहिल्या ओळीत लिहिलं: पहाटे पाच, भडंग, अडीच मुठी. दुसऱ्या ओळीला ती थांबली, काट्यावरचा आकडा स्थिर व्हायची वाट बघत. बाहेर अंधार पडला होता. तिच्या मागे ब्राह्मी बोटं चाटत होती, एकेक करून, अगदी मन लावून.